आईच्या माहेरचा पाऊस

इगतपुरीहून गाडी हलली तेव्हा पावसाचा आठवा दिवस होता. माझ्या मांडीवर रंगपेटी होती आणि ती कुणाला दिसू नये म्हणून वर पदर.

आई झाशीची. तिथल्या जुन्या मराठी घरातली; कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या. लग्न होऊन ती इकडे आली आणि परत जाणं झालंच नाही. आता तिचे पाय चालत नाहीत. ती माझ्याकडेच असते. निघताना म्हणाली, "तुला रंगवता येतं. तिकडचा पाऊस तेवढा आणून दाखव." मी कुणापुढे कधी कुंचला धरला नव्हता, तरी हो म्हणाले. ह्यांचा रेल्वेचा पास होता, रजा मात्र मोजकी.

ललितपूरनंतर जमीन तांबूस झाली. मधेच मोठमोठे गोल धोंडे, कुणी ओझं उतरवून विसरून गेल्यासारखे. डोळ्यांत कोळशाचे कण जात होते, तरी खिडकी सोडवेना. गाडी पुढे जात होती की ती टेकाडं माझ्याकडे येत होती, कळत नव्हतं.

मावशीचं घर झाशीतल्या प्रेमनगरात. तिने महेरी (ताकात शिजवलेली ज्वारीची कणी) वाढली. "खा ना बेटा, शरमाते कशाला?" तिच्या मराठीत असं हिंदी मिसळलेलं.

दोन दिवस मी आत खोलीत बसून, दार लावून, खिडकीतून दिसेल तेवढा पाऊस रंगवला. मावशीने कागद उजेडात धरला आणि हसली.

"हा तर तुझ्या इगतपुरीचा पाऊस! मुक्कामाला आल्यासारखा बसलाय. आमचा येतो, बरसतो, चालता होतो. बाहेर जाऊन बघ."

खरंच होतं. हात सवयीचंच रंगवत होता. हाच कागद आईला कसा द्यायचा?

शेवटच्या दिवशी मी मागच्या टौरियावर (दगडांची टेकडी) जाऊन बसले. अर्धं आभाळ निळं, अर्धं शाईसारखं. दूर, बबीना गावाच्या बाजूच्या शेतांवर पाऊस उभा होता आणि माझ्या पायांशी ऊन. कागद उघडते तोच एक बाई म्हशीमागून आली. डोक्यावर पोत्याची खोळ.

"काए बिन्नू (का गं ताई), का बना रईं?"

"चित्र," मी पुटपुटले.

"तनक (जरा) जोर सें बोलो, भैंस खा नईं जैहै!"

मला हसू आलं. ती शेजारी बसली आणि मागे लागली, "हमाई भैंस सोई (म्हैससुद्धा) बना देव." मी म्हैस काढली. मग तिचं बोट कागदावर फिरू लागलं. ते धोंडे भिजलेत, काळे कर. इथे अजून पाणी आलं नाही, इथे घाम (ऊन) राहू दे. मी करत गेले. कोण बघतंय, हे मनातच आलं नाही. जवळच्या गवताचा हिरवा रंग ओला असतानाच पहिले थेंब पडले. बाईने डोक्यावरची खोळ काढून कागदावर धरली आणि स्वतः निथळत उभी राहिली.

"सूखन देव बिन्नू, हम तौ रोजई भीजत."

थोड्या वेळात पाऊस पुढे निघून गेला. ती म्हशीमागे गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

घरी आलो तेव्हा इगतपुरीचा पाऊस तसाच चालू होता. आईच्या हातात कागद दिला. आधी म्हशीवर, मग काळ्या धोंड्यांवर, मग दूरच्या पावसावर तिचं बोट थांबलं.

"बबीन्याकडून येतोय," ती मान वर न करता म्हणाली. "गच्चीवरचे कपडे काढ गं, लवकर."

मी तिला दिशा सांगितली नव्हती. मी झाशी पाहून परत आले होते; ती मात्र त्या घडीला तिथे होती.

आमच्या घराला गच्ची नाही. तरी मी उठले.