नखवाल्या सिस्टर

नखवाल्या सिस्टर मुलाचं तोंड नंतर बघायच्या, नखं आधी. कुणाची आई रडत पोर घेऊन आली तरी यांचं आपलं ठरलेलं, "हात दाव." वाढलेल्या नखांसाठी ही बाई मारणार, अशी आम्हा मुलांची खात्री. त्यामुळे आम्ही रांगेतच दातांनी नखं कुरतडून मोकळे व्हायचो.

भूकंपानंतर आमचं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं, त्यांचा दवाखानाही तिथेच. मी सात वर्षांची. चार पावलं पळाले की धाप लागायची आणि मी उकिडवी बसायचे. गावानं निदान करून टाकलं होतं, धास्ती! तेव्हा ताप आला तरी धास्ती, म्हैस आटली तरी धास्ती. आईनं दृष्ट काढली, ताईत बांधला. सिस्टरनी माझी बोटं उजेडात धरली आणि म्हणाल्या, "धास्तीनं नखं निळी पडत न्हाईत, बाई. पोरीच्या काळजात काहीतरी हाय. लातूरला दाखवा."

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला जन्मापासून भोक आहे, ऑपरेशन हैदराबादला होईल. आमच्याकडे मुलांच्या हृदयाची सोय तेव्हा कुठली असायला! बाबा अडून बसले. "पोरीची जात. छातीवर वण राहील. उद्या कोण करून घेईल?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "वणाची पोरगी कुणी करून घेईल, न घेईल. पोरगीच न्हाई राहिली तर काय करता, दादा?"

बाबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस गुपचूप पिशवी भरली.

सिस्टर रजा काढून आमच्यासोबत आल्या. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच निळ्या नखांची शकू आणि तिची आईही बरोबर होत्या. शकूचे वडील भूकंपात गेलेले. मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा सिस्टरचा नेम. शकूनं विचारलं, "ऑपरेशनात दुखतंय का?" तर म्हणाल्या, "हाव, लई दुखतंय. पन मी हाय ना."

मी विचारलं, "मी मरन का?"

आईनं तोंडाला पदर लावला. सिस्टर म्हणाल्या, "म्या काय देव न्हाई. पन डॉक्टर हुशार हायेत, अन् तू लई चिवट हायस." चिवट म्हटल्याचा मला इतका राग आला की रडायचं राहूनच गेलं.

मी वाचले. शकू वाचली नाही.

शुद्धीवर आल्यावर मी सिस्टरना हाक मारली. आई म्हणाली, "त्या शकूच्या आईसोबत गावाकडं गेल्या." मी एवढी जिवावरच्या दुखण्यातून उठले आणि यांना मला बघायलाही थांबवलं नाही! तो राग मी पुष्कळ वर्षं जपला. आम्ही परतेपर्यंत त्यांची बदली त्यांच्या मूळ गावाकडे, बिलोलीला झाली होती. पुन्हा भेट झाली नाही.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. मी डॉक्टर व्हावं म्हणून बाबांनी मला त्यात घातलं. मार्क कमी पडले, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. मी नर्सिंगला गेले. आता नांदेडला मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात आहे. इथे पहिलं मूल माझ्यादेखत गेलं, त्या दिवशी सिस्टरवरचा माझा राग गेला, आणि त्यांच्या आठवणीनं मी पोटभर रडले.

सुट्टी मिळालेल्या मुलांचे आईबाप पेढे घेऊन मला शोधत येतात. पण वॉर्डात एखादं मूल गेलेलं असलं, तर त्या दिवशी मी त्यांना सापडत नाही. मी त्या दुसऱ्या आईसोबत गाडी लागेपर्यंत एसटी स्टँडवर बसलेली असते.