टपालाची बिस्किटं

नोएलीन टेटचं बिस्किट खायचं म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मग ते चहात बुडवून जरा दम धरायचा, असं डनबेगमध्ये सगळेच म्हणत. तिच्या तोंडावर म्हणत. ती हसायची आणि बशी आणखी पुढे सरकवायची. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, ओटची शेतं आणि मेंढ्या यांच्यामध्ये वसलेलं हे गाव. तिथल्या कापडदुकानात सत्तावन्न वर्षांची नोएलीन लोकर आणि बटणं विकायची. लग्न तिने केलं नाही. विचारणारे दोन होऊन गेले, पण एक फार बोलायचा आणि दुसरा अजिबात बोलायचा नाही, असं ती सांगे. दरवर्षी पंचवीस एप्रिलला, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दोनशे बिस्किटं ती पोचवायची. तीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता.

ही बिस्किटं तशी सगळ्या गावाला करता येत. ओट, मैदा, साखर, किसलेलं खोबरं. त्यावर वितळलेलं लोणी आणि सिरप. उकळत्या पाण्यात कालवलेला सोडा त्या पाकात पडला, की सगळं फसफसून पातेल्याच्या काठापर्यंत येतं, आणि तेवढ्यात ओतायचं. अंडं नाही. युद्धात अंडी मिळत नव्हती, आणि अंड्याविना बिस्किट टिकतंही जास्त. पण टेटांच्या घरची रीत इथे संपत नसे. भाजून झाल्यावर बिस्किटं निवत्या भट्टीत पुन्हा रात्रभर ठेवायची. सकाळी प्रत्येक ट्रेमधलं एक उचलून टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकायचं. फुटलं, तर तो ट्रे मुलांचा. नाही फुटलं, तर तो टपालाचा. नोएलीन लहानपणी डोळे मिटून "फूट, फूट" म्हणायची, आणि आई तिला चापट मारायची.

टपाल जायचं कॉलिनला. नोएलीनचा थोरला भाऊ, दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेला, आधी आफ्रिकेच्या वाळवंटात, मग इटलीत. आईने त्याला अकरा डबे पाठवले. प्रत्येक डबा मांजरपाटात शिवायचा, त्यावर शाईने पत्ता घालायचा, आणि तीन महिने वाट बघायची. कॉलिनची पत्रं यायची. मोज्यांचे आभार असायचे, चिखलाला शिव्या असायच्या. बिस्किटांबद्दल अवाक्षर नाही. आईने पत्रातून तीनदा विचारलं, तरी नाही. मग त्रेचाळीसच्या डिसेंबरात तार आली, आणि विचारायला कुणी उरलंच नाही. आई त्यानंतर वीस वर्षं जगली. भांडी घासता घासता मध्येच म्हणायची, "एखादा तरी पोचला असेल का गं?" नोएलीन म्हणायची, "पोचला असेल." खरं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि तेच तिला आतून कुरतडत असायचं.

सत्त्याऐंशी साली ऑसी कर्क गावात राहायला आला. कॉलिनच्याच तुकडीतला हा गडी युद्धावरून परतला तो थेट डोंगरातल्या मेंढ्यांमध्ये जाऊन बसला होता. पंचवीस एप्रिलला कधी खाली उतरला नाही, युद्धाचं नाव काढलं की उठून जायचा. आता गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून मुलीकडे आला होता, आणि मुलगी त्याला या वर्षी हॉलमध्ये आणणार होती.

हॉलचं सगळं बघणारी बेरिल दुकानात येऊन म्हणाली, "नोएलीन, या वर्षी जरा मऊ कर गं बाई. ऑसीला वरखाली दोन्ही कवळ्या आहेत. तुझं बिस्किट चावलं तर कवळी तुझ्याच बशीत यायची."

"करते," नोएलीन म्हणाली.

बेरिल भांडायच्या तयारीने आली होती. ती गोंधळली. "ताप-बिप नाही ना आला तुला?"

ताप नव्हता, भीती होती. आईची बिस्किटं एकदा ज्याने पाहिली तो ती विसरणं शक्य नाही. ऑसीने टपालाचं बिस्किट हातात घेतलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तर उत्तर मिळालं: अकराच्या अकरा डबे समुद्राच्या तळाशी. हे उत्तर नोएलीनला नको होतं. कवळीचं निमित्त आयतंच चालून आलं. तिने जन्मात पहिल्यांदा बिस्किटं पाच मिनिटं आधी बाहेर काढली. रात्री भट्टीत ठेवली नाहीत, फरशीवर टाकली नाहीत. मऊ, वाकणारी, परक्याची वाटावीत अशी झाली होती.

पहाटे स्मारकापाशी नावं वाचली गेली. कॉलिन टेट. दवाने बूट भिजले. मग सगळे हॉलमध्ये चहाला शिरले. पुरुषांच्या चहात रम होती, आणि बेरिलच्याही. ऑसी हीटरजवळ बसला होता. नोएलीनने बशी स्वतः नेली. त्याने एक बिस्किट घेतलं, सावकाश सबंध खाल्लं, मान हलवली.

"छान आहे."

"थँक यू," ती म्हणाली आणि वळली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"तू टेटांची धाकटी ना?" मागून आवाज आला. "आईने तुला बिस्किटं शिकवली नाहीत वाटतं."

नोएलीन परत फिरली. "माझ्या आईची बिस्किटं तुम्ही कुठे खाल्लीत?"

"खाल्ली? पोरी, ती खायची नव्हतीच. कॉलिन बंदुकीच्या दस्त्याने ठेचायचा. डब्यातच पाणी घालून लापशी करायचो, आठ जण एका डब्यावर. कॉलिन म्हणायचा, आमच्या म्हातारीने ही जर्मनांवर टाकली असती, तर आपण केव्हाच घरी असतो."

नोएलीन शेजारच्या खुर्चीत बसली. "किती डबे आले?"

"मोजले नाहीत. पण त्यावरच दिवस काढलेत आम्ही."

"मग लिहिलं का नाही त्याने?" तिचा आवाज चढला. बेरिलने किटली खाली ठेवली. "आई मरेपर्यंत विचारत होती. एक ओळ! मोज्यांवर चार ओळी लिहायचा!"

ऑसीने कप दोन्ही हातांत फिरवला. "आम्ही पण सांगितलं, लिही रे. तर म्हणाला, घरी साखर रेशनवर आहे. आवडली म्हणून एक शब्द जरी लिहिला, तर म्हातारी स्वतःच्या चहातली साखर काढून माझ्या डब्यात घालेल. नोएलीनच्याही चहातली काढेल."

नोएलीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, कुणालाच कळेना. मग तिने हात काढले आणि भरल्या हॉलमध्ये, मोठ्याने, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला ती म्हणाली, "गाढवा, लिहायचं होतंस रे! तसाही आम्ही बिनसाखरेचाच पीत होतो."