ड्रॉवरमधलं पिस्तूल

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन वर्ष होत नाही तोच मला ज्युरीचं बोलावणं आलं. श्रूजबरीतल्या आमच्या घरात हसूच फुटलं. नवरा म्हणाला, "तू निकाल देणार? साडी घेताना चार मैत्रिणींना फोन करतेस!" खोटं नव्हतं.

वूस्टरच्या कोर्टात साक्षीदाराने तोंड उघडलं आणि माझं हसू आटलं. वरचे चार दात नव्हते. आरोपीकडून तो कोकेन घ्यायचा. एकदा दुसऱ्याकडून घेतलं, म्हणून आरोपीने पिस्तुलाच्या मुठीने मारलं. पहिल्या फटक्यात ओठ फाटला, दुसऱ्यात दात घशात गेले. मग रक्ताने भरलेल्या तोंडात पिस्तुलाची नळी खुपसली. हे सगळं तो दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगत होता.

आरोपीच्या वकिलाचं म्हणणं, साक्षीदार नशेबाज, खोटारडा. घरात एकदा चोर शिरून आरोपीच्या भावाला भोसकून गेले होते, पिस्तूल त्या भीतीने ठेवलेलं. न्यायाधीशांनी बजावलं, नुसतं पिस्तूल सापडणं पुरेसं नाही. ते कोकेनच्या धंद्याला हातभार म्हणून ठेवलं होतं, हे सिद्ध झालं पाहिजे. त्या एका आरोपावर त्याची तुरुंगातली आणखी कित्येक वर्षं टांगलेली, हे कुणी न सांगताही कळत होतं. कोकेनचं नाव निघालं तर तो स्वस्थ. पिस्तुलाचं निघालं की टेबलाची कड घट्ट धरायचा.

निकाल बाराही जणांच्या एकमताने हवा होता. ज्युरीच्या खोलीत पिस्तुलाच्या आरोपावर अकरा जण 'दोषी' म्हणणारे आणि एक निवृत्त बसड्रायव्हर दुसरीकडे.

"भावाच्या पोटाचे फोटो बघितलेत ना? मीसुद्धा पिस्तूल ठेवतो."

"कुठे ठेवता?" मी विचारलं. तीन दिवसांतलं माझं पहिलं वाक्य.

"पलंगाशेजारी. कुलपात."

मी पोलिसांनी काढलेला फोटो त्याच्यापुढे सरकवला. स्वयंपाकघरातला ड्रॉवर. छोटा वजनकाटा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुड्या आणि वर भरलेलं पिस्तूल.

"आमच्याकडे मिसळणाचा डबा असतो," मी म्हटलं. "मोहरी, हिंग, हळद, तिखट, सगळं एकत्र. तेल तापल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. हळद फक्त जखमेवर लावायची असती, तर मी ती औषधांच्या कपाटात ठेवली असती."

कुणीतरी खोकलं. मला वाटलं, घातली माती.

बसड्रायव्हर फोटोकडे बघत राहिला. "तो झोपतो वरच्या मजल्यावर," स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "चोर आल्यावर जिना उतरून खाली..." मग त्याने मान हलवली. "ठीक आहे. दोषी."

निकाल वाचला तसं आरोपीने टेबल उलथवलं. कोर्टाचे दोन मार्शल त्याच्या अंगावर पडले, कपाळ फरशीवर आपटलं, हात मागे पिरगाळताना कडकन आवाज आला. त्याची आई ओरडत होती, "सोडा, मोडला त्याचा हात!"

त्याला उचलून बाहेर नेलं. मग वकिलाच्या मागणीवरून न्यायाधीशांनी आम्हा प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, हा तुमचाच निकाल का? माझ्या पाळीला त्याची आई माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हटलं.

"जरा मोठ्याने, मॅडम," टंकलेखिका म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.