तुकडे न करता

कोपरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या ऑफिसात मी कामाला होतो. सगळ्या शाखांमधले रक्ततपासणीचे आकडे एका अवाढव्य टेक्स्ट फाइलीत यायचे. रकान्यांच्या मधे नुसते स्वल्पविराम. संख्याशास्त्रासाठी वापरतात त्या 'आर' भाषेत ती वाचायला घेतली की माझा कॉम्प्युटर बंदच पडायचा. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या ताई आधी फाइलीचे तुकडे करून द्यायच्या. ताई मोहने गावच्या, माझ्या आईच्या वयाच्या. तेच त्यांचं मुख्य काम.

एके दुपारी मी वाचायची पद्धत बदलली. कुठल्या रकान्यात अंक, कुठल्यात अक्षरं, हे कॉम्प्युटर स्वतः ताडत बसायचा; ते मी आधीच सांगून टाकलं. नको ते रकाने वगळले, भराभर वाचणारं दुसरं पॅकेज, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्रॅम, लावलं. अख्खी फाइल बघता बघता आत!

"ताई, बघा ना!" मी ओरडलोच.

त्या खुर्ची सरकवून आल्या. "अरे, झालं पण? मग आता तुकडे नकोत?"

"अजिबात नकोत!"

साहेबांनाही मीच धावत जाऊन सांगितलं. थोड्याच दिवसांत ताईंची बदली झाली, शीळफाट्याच्या शाखेत, काउंटरवर. गुडघे दुखणाऱ्या बाईला दिवसभर उभं राहायचं काम. मी साहेबांकडे गेलो, त्यांना परत बोलवा म्हणालो.

"बोलवतो. काम काय देऊ, ते तू सांग."

मी माझ्या टेबलावर परत आलो.

शेवटी एका शनिवारी शीळफाट्याला गेलो. ताईंनी आत नेऊन बसवलं.

"ताई, त्या दिवशी मला कळायला हवं होतं."

"मला कळलेलं रे. पण तू इतका खूश होतास, कशाला बोलायचं?" मग म्हणाल्या, "आता आलायस तर ते शिकव मला. इथेही अशाच फाइली येतात, कोणालाच उघडत नाहीत."

पुढचे कितीतरी शनिवार आम्ही एका कॉम्प्युटरसमोर बसलो. एकदा पेशंटच्या नंबरांच्या सुरुवातीची शून्यं गळाली, तेव्हा तो रकाना अक्षरं म्हणून वाचायला सांगायचं हे त्यांनीच शोधून काढलं. हळूहळू त्या शाखेच्या फाइली त्यांच्याकडे आल्या. आता अर्धा दिवस तरी त्यांना बसायला मिळतं.

जेवणानंतरचा उरलेला अर्धा दिवस त्या काउंटरवर उभ्याच असतात. दुपारी जेवून उठलो की मला ते आठवतं.