बारावा संदर्भ

ईरा, निनाद,

परवा फोनवर ईरा म्हणाली, "आजी, तुझ्या ठाण्याच्या लॅबमधल्या एका बाईंच्या पेपरचा संदर्भ आमच्याकडे सगळ्यांच्या थीसिसमध्ये असतो. तू ओळखायचीस का गं त्यांना?" मी "थोडंफार" म्हणाले आणि विषय बदलला. ते खोटं होतं, म्हणून आज लिहायला बसले. आम्ही दोघींनी बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला.

ती पेपर मागून वाचायची. नवा अंक आला की थेट शेवटची संदर्भांची यादी काढायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि एकेका नावाखालून बोट फिरवत म्हणायची, "आधी उपकार बघू, मग शोध."

ती कोपरीची. घरची पूर्वी मिठागरं. मी डोंबिवलीची, इंग्रजी शाळेतली, विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेली. माझ्या प्रयोगवह्या बघायला दुसऱ्या विभागातून लोक यायचे. तिच्या वहीवर चहाच्या कपाचे गोल डाग. तुम्हीच सांगा, कोण पुढे जाईल असं वाटतं?

त्या काळी कल्याण-शहाडच्या दवाखान्यांतून क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुने आमच्याकडे यायचे आणि उन्हाने वाटेतच खराब व्हायचे. आम्ही सगळे बर्फाच्या पेट्यांसाठी अर्ज करत बसलो. तिने एक स्वस्तातलं द्रावण तयार केलं. त्यात नमुना बर्फाशिवाय आठवडाभर टिकायचा. संचालकांनी विचारलं, सुचलं कसं? तर म्हणाली, "आम्ही मिठागरवाले, सर. काय कशाने नासतं, ते आम्हाला घरीच कळतं."

चार पानांचा पेपर. माझ्या मते तो शोध नव्हताच, युक्ती होती. पण आफ्रिकेतून, ब्राझीलमधून लोक त्याचा संदर्भ देऊ लागले. पुढे असे किती संदर्भ मिळाले ते संगणकावर दिसायला लागलं आणि माझी शांती गेली. रोज सकाळी मी आधी तिचा आकडा बघायचे, मग माझा. माझा एक आकडीच राहिला.

"काय गो बाय, सकाळी सकाळी तोंड का पाडलंस?"

"ॲसिडिटी," मी म्हणायचे.

मग मी एक गोष्ट केली. माझ्या सहा वर्षांच्या कामाचा पेपर लिहीत होते. त्यातले सगळे नमुने तिच्याच द्रावणातून आलेले. तिथे तिचा संदर्भ द्यायला हवा होता. यादीत बाराव्या क्रमांकावर मी त्याऐवजी कुणा परदेशी गृहस्थांचा जुना पेपर टाकला. तिचा आकडा वाढू नये म्हणून. तोसुद्धा फक्त एकाने!

छापील प्रत तिला दाखवणं भाग होतं. तिने नेहमीप्रमाणे शेवटचं पान काढलं. बोट बारावर थांबलं.

"यांच्या रीतीने तुझा एक जंतू जगला नसता गो."

"जागा कमी होती," मी म्हणाले.

"एका ओळीची?"

मी डब्याचं झाकण लावत राहिले. मग तिने पेपर पहिल्या पानापासून वाचला, सगळा, आणि म्हणाली, "काम मात्र एक नंबर केलंयस." मला तिचा आणखीच राग आला. हिला साधं भांडता का येऊ नये?

दुरुस्तीची चिठ्ठी संपादकांना पाठवता आली असती. तीनदा लिहिली. पाठवली नाही. तिने त्या बाराव्या ओळीचा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि डबा खायला मात्र रोज समोर येऊन बसायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. शोकसभेत कोणीतरी तिच्या संदर्भांचा आकडा वाचून दाखवला, आणि खरं सांगते मुलांनो, तिच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसूनही मला तो टोचला.

ईराच्या फोननंतर मी माझा तो पेपर पुन्हा उघडला. नऊ जणांनी त्याचा संदर्भ दिला आहे. आकडा मला पाठ होता. ते नऊ कोण, हे मी कधी उघडून बघितलं नव्हतं. त्यांतले सहा पेपर तिचे आहेत. सगळे त्या दिवसानंतरचे.

माझा पेपर ज्यात आला ते नियतकालिक केव्हाच बंद पडलं, त्यामुळे आता दुरुस्ती छापायला कोणी नाही. तिच्या सहा पेपरांच्या शेवटी माझं नाव आहे. ते अजून कोणालाही वाचता येतं.