अभिनयाचा पेला

अमरावतीच्या नाट्यस्पर्धेत अकोटच्या ललिताला अभिनयाचा चांदीचा पेला मिळाला. नाटकात ती तापाने फणफणलेली मुलगी झाली होती. मास्तरांनी महिनाभर घोटून घेतलेलं वाक्य होतं, "आई, मला पाणी दे." रंगमंचावर ती म्हणाली, "माय, मले पानी दे वं." परीक्षकांना तेच भावलं.

प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईने, दुर्गाबाईंनी, मात्र कान झाकून घेतले. त्यांची थोरली लेक मनकर्णा तापात हेच म्हणत गेली होती. वैद्यांनी मनाई केली, म्हणून त्यांनी पाणी दिलं नव्हतं. ललिता तेव्हा पाळण्यात होती.

"वाक्य काहून बदललं वं?" त्यांनी एस.टी.त विचारलं.

"मी कुठी बदललं, माय? मास्तरनं शिकवलं तेच बोलली."

आता दुर्गाबाई रोज दिवेलागणीला तो पेला भरून मनकर्णाच्या खाटेशी ठेवतात. सकाळी तो भरलेला आहे की रिकामा, हे बघायचा धीर मात्र होत नाही; उचलायला ललितालाच पाठवतात.