घरातल्या बहनजी

मला दमा होता. थंडी पडली की राजवाड्यामागच्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत चालतानाच जीव मेटाकुटीला यायचा आणि महिन्यातले निम्मे दिवस अंथरुणातच जायचे. चौथीत मी नापास झाले, तेव्हा आईने ठरवलं, हिला घरीच शिकवायचं आणि थेट परीक्षेला बसवायचं.

वडिलांना ते पटेना. नवं मध्य प्रदेश राज्य झालं तशी त्यांची कचेरी भोपाळला गेली होती. ते शनिवारी यायचे आणि रविवारी परत जायचे.

"अगं, तुझी सातवी, तीही मराठीत. परीक्षा तर हिंदीत आहे ना! आणि लोग क्या कहेंगे?"

"लोकांना दमा नाहीये. हिला आहे," आई म्हणाली.

आईच्या डोक्यात एकदा काही बसलं की बसलं. आईपाशी पोर लाडावतं, शिकत नाही, हा तिचा ठाम समज. म्हणून तिने कायदाच केला: जेवणानंतर चहापर्यंत शाळा, शाळेत फक्त हिंदी, आणि तेवढा वेळ ती आई नाही, शाळेतल्या बाईंना म्हणतात तशी बहनजी. मी "आई" म्हटलं की ती ढिम्म हलायची नाही. सकाळी वरण शिजेपर्यंत ती स्वतः माझं हिंदीचं पुस्तक पुटपुटत वाचायची. हळदीकुंकवाला जाणं तिने सोडलं, कारण तिथे जी ती विचारायची, मुलीत काही खोट आहे का. मला मात्र ती शाळा फार आवडायची. चालणं नाही, मार नाही, पाढे चुकले तर हसणारं कोणी नाही.

पौषातल्या एका दुपारी धडा वाचताना मला जबर धाप लागली. आईने धावत येऊन मला मांडीवर घेतलं. श्वास मिळेना. आता मी मरणार, असंच मला वाटलं. मी तिचा पदर घट्ट धरला आणि म्हणाले, "बहनजी, मेरी आई को बुला दो."

"अगं, मीच आहे, मीच आहे," ती म्हणत राहिली.

शनिवारी वडील आले तेव्हा तिने चहा ठेवायच्या आधीच सांगितलं, "सोमवारपासून ही शाळेत जाईल. मी पोचवीन, लागलं तर दिवसभर बाहेर बसेन. पण शिकवायचं ते तिथल्या बहनजींनी."

मी रडले, पाय आपटले, तिने ऐकलं नाही. त्या वर्षी मी पुन्हा नापास झाले. आईने निकाल ऐकला आणि शाळेच्या दारातच, सगळ्यांसमोर, मला कुशीत घेतलं.